फाजील बाकी

आमच्या आष्ट्याच्या शिवारात उष्णता मोजूनमापून वापरण्याचा रिवाज कधीच नव्हता. गुऱ्हाळे पेटली, की चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला गडी वाळल्या चिपाडाचे कवळेच्या कवळे आत सारीत राहतो, काहिलीतला रस उसळ्या घेऊ लागतो, वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकली जाते, आणि अखेरीस गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडून, त्याची गोळी बोटांनी चाचपून, काहील उतरवण्याचा हुकूम देतो. त्या घटकेस पाक ११५ ते ११८ अंश सेल्सिअसपर्यंत चढलेला असतो; परंतु हा आकडा गुळव्याला कोणी सांगितलेला नसतो आणि त्यावाचून त्याचे अडतही नाही. हळद शिजवण्याच्या दिवसांतही तोच प्रकार. जाळापैकी किती उष्णता रसाला लागली, किती धुराड्यावाटे आभाळात गेली आणि किती भोवतालच्या मातीने गिळली याची विचारपूस करण्याचे कारणच पडत नाही. चिपाड घरचे, माती घरची, आणि गूळ तर ढेपेच्या रूपाने डोळ्यांसमोर उभा असतो.

माझे कुतूहल मात्र आयुष्यभर नेमके उलट्या टोकाशी रेंगाळत राहिले. जी उष्णता तळहाताला जाणवत नाही, जिच्यामुळे पाण्याला वाफ धरणे तर दूरच, पण पारा एखाद्या अंशाच्या आतबाहेर हलला तर हलला, अशा यत्किंचित उष्णतेचा माग काढण्यात मला जे सुख लाभले ते गुऱ्हाळाच्या जाळापुढे बसूनही लाभले नाही. मी विद्यार्थी होतो तेव्हा आष्टा दक्षिण सातारा जिल्ह्यात मोडे (जुन्या साताऱ्याची १९४९ साली वाटणी होऊन तो जिल्हा झाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळाले), आणि पुढे मी ज्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो तिच्या कपाटात तांब्याचा एक कॅलरीमापी, त्याची नमद्याचे अस्तर लावलेली लाकडी पेटी, तारेची ढवळणी आणि पारा मध्येच तुटलेला एक तापमापक एवढा सरंजाम होता. डेडस्टॉकच्या वहीत त्याची नोंद ‘एक नग’ अशी असे, आणि वार्षिक तपासणीच्या वेळी साहेब तो नग डोळ्यांखालून घालून सही करीत. त्या नगाच्या अंगी काय सामर्थ्य आहे हे वहीवरून कळण्यासारखे नव्हते.

अल्प उष्णता मोजण्याचा जो पहिला पाठ शाळेत देता येतो तो भौतिकशास्त्राचा नव्हेच, वनस्पतिशास्त्राचा आहे. मोड आलेले हरभरे एका थर्मासमध्ये आणि उकळून मारलेले हरभरे दुसऱ्यात भरायचे, दोहोंच्या तोंडाशी कापसाचा बोळा व त्यातून तापमापक खोवायचा, आणि दोन्ही थर्मास उलटे करून टांगायचे. दुसऱ्या दिवशी जिवंत हरभऱ्यांतला पारा चढलेला दिसतो, मेलेल्यांतला जिथल्या तिथे राहतो. श्वसनक्रियेत उष्णता निर्माण होते हे वाक्य घोकून पाठ केलेल्या मुलांना तो चढलेला पारा पाहून जे नवल वाटे ते मला दरवर्षी नव्याने पाहायला मिळे. परंतु या प्रयोगाचा खरा रस त्याच्या उत्तरार्धात आहे, आणि तो पाहण्याइतका धीर बहुधा कोणी धरीत नाही. उकळलेले हरभरे जंतुनाशकात न बुडवता तसेच ठेवले, तर दोन-तीन दिवसांनी तेही तापू लागतात! मृत बी जिवंत झालेले नसते. त्याच्यावर बुरशीचे आणि सूक्ष्म जंतूंचे राज्य सुरू झालेले असते, आणि श्वसन तेही करीतच असतात. ज्याच्याशी तुलना करायची ते जोडीचे भांडे खरोखरच निष्क्रिय आहे, हे गृहीत धरून चालत नाही, ते सिद्ध करावे लागते. फॉर्मलिनच्या पाण्यात बुडवलेल्या हरभऱ्यांचे तिसरे भांडे ज्याने मांडले नाही त्याला पहिल्या दोहोंविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही, असे माझे मत झाले आणि ते वयपरत्वे अधिकच कठोर होत गेले.

थोड्या उष्णतेचा थोडेपणा किती हे एकदा अंकांत पाहिले म्हणजे या कठोरपणाचे कारण ध्यानात येईल. एक वॉट एवढी शक्ती एक लिटर पाण्यात सतत ओतीत राहिले आणि बाहेर तिळमात्र गळू दिले नाही, तर पाणी एक अंश तापायला सुमारे ७० मिनिटे लागतात. आता गळती नसणे ही गोष्ट व्यवहारात संभवतच नाही. भांड्याच्या भिंतीतून, झाकणातून, तापमापकाच्या काचेतून आणि विजेच्या तारांच्या तांब्यातून उष्णता निसटतच असते. शिवाय उघड्या पाण्याचा एक ग्रॅम जरी वाफ होऊन गेला तरी तो जाताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. चैत्र-वैशाखात आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की माठातले पाणी पाहता पाहता उतरते. आषाढात तेच भांडे तसेच ठेवले तर हवेला पाण्याची तहानच नसते. म्हणजे वैशाखात ठरवलेला गळतीचा दर आषाढात लावणे ही उघड उघड लबाडी होय, मग ती करणाराच्या ध्यानात येवो वा न येवो. आणखी एक गळती, खरे तर उलटी गळती, स्वतः निरीक्षकाची असते. स्वस्थ बसलेले मनुष्यशरीर शंभरएक वॉट उष्णता बाहेर टाकीत असते, आणि अर्ध्या वॉटाचा शोध घेणारा गृहस्थ दर घटकेला भांड्यावर वाकून पारा वाचीत असेल तर तो आपलाच ताप वहीत जमा करीत असण्याचा संभव पुष्कळ.

कुलकर्ण्याच्या दप्तराशी ज्याचा परिचय आहे त्याला हे सारे ओळखीचे वाटेल. जमेची बाजू मोठी असली म्हणजे खर्चाच्या चार किरकोळ रकमा लिहायच्या राहिल्या तरी ताळेबंदाला धक्का लागत नाही. पण जमा आणि खर्च जवळजवळ सारखेच असून त्यांच्या वजाबाकीत उरणारी चिमुकली बाकी हाच जिथे वादाचा विषय असतो, तिथे खर्चाची प्रत्येक ओळ रुजुवात करून घ्यावी लागते. अतिरिक्त उष्णता अशी कुठे दिसत नसते; ती एक बाकी असते. सगळ्या गळत्यांची कैफियत घेऊन झाल्यावर जे उरते त्याला ते नाव मिळते, आणि एखाद्या गळतीची कैफियत घ्यायची राहिली असेल तर तिलाही तेच नाव मिळते.

जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. ज्यूल हा मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, बिअर बनवण्याचा घरचा धंदा असलेला मनुष्य. वजने खाली सोडून पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापते ते पाहायचे, हा त्याचा प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. परंतु त्या वल्ह्यांनी पाणी अर्ध्या फॅरनहाइट अंशाच्या आसपासच तापे, आणि प्रत्येक खेपेच्या जोडीला तो तेवढाच वेळ वल्ही स्थिर ठेवून खोलीच्या हवेने पाण्यावर काय परिणाम होतो हेही मोजी, ही गोष्ट पाठ्यपुस्तके गाळतात. १८५० सालच्या निबंधातला उष्णतेच्या यांत्रिक तुल्यांकाचा त्याचा ७७२ फूट-पौंडांचा आकडा आजच्या मूल्याच्या एका टक्क्याच्या आत येतो. हे श्रेय मी वल्ह्यांच्या फिरण्याइतकेच त्यांच्या स्थिर राहण्याला देतो.

पुढे १९०३ साली पिएर क्युरी आणि अल्बेर लाबोर्द यांनी रेडियमच्या बाबतीत जे केले ते तर माझ्या दृष्टीने या साऱ्या विद्येचे आदर्श उदाहरण आहे. एका कुपीत रेडियममिश्रित बेरियम क्लोराइड, दुसऱ्या तशाच कुपीत शुद्ध बेरियम क्लोराइड. दोहोंच्या तापमानांत दीड अंशाचा फरक पडतो आणि तो काही केल्या मिटत नाही. एक ग्रॅम रेडियम ताशी सुमारे १०० कॅलरी सोडते, म्हणजे स्वतःच्या वजनाहून जास्त बर्फ दर तासाला वितळवू शकते, असा निर्वाळा त्यांनी दिला. ही उष्णता येते कोठून हे त्या वेळी कोणालाही सांगता येत नव्हते, अणूच्या अंतरंगात केंद्रक नावाचे काही असते हेही अज्ञात होते. तरीही शास्त्रज्ञांनी ती मान्य केली. याचे कारण ती थांबतच नव्हती. वर्षाच्या अखेरीस त्या एका ग्रॅमच्या नावावर पावणेनऊ लाख कॅलरी जमतात, आणि तेवढ्याच वजनाचा उत्तम दगडी कोळसा जाळला तर आठ हजारांच्या आसपास मिळतात. एखाद्या न लिहिलेल्या खर्चाने हे अंतर भरून निघणार नव्हते.

उलट दिशेची नवलकथाही आहे. १९२७ साली केंब्रिजमध्ये एलिस आणि वूस्टर यांनी रेडियम-ई या पदार्थाची उष्णता कॅलरीमापीत मोजली, तो अपेक्षेच्या जेमतेम एकतृतीयांश भरली. बाकीची गेली कोठे या प्रश्नापायी पाउली या भौतिकशास्त्रज्ञाला १९३० साली एका अदृश्य कणाची कल्पना करावी लागली. त्या कणाच्या, म्हणजे न्यूट्रिनोच्या, जन्मपत्रिकेत कॅलरीमापीचे स्थान इतके वरचे आहे हे आमच्या डेडस्टॉकच्या वहीला कळायला हवे होते.

ही सगळी पार्श्वभूमी मनात असल्यामुळे, २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या दोन विद्युत-रसायनज्ञांनी जी घोषणा केली तिने माझी झोप उडवली, यात आश्चर्य नाही. जड पाण्यात लिथियमचा क्षार, त्यात पॅलेडियमची कांडी ऋणाग्र म्हणून आणि तिच्याभोवती प्लॅटिनमची तार. विजेचा प्रवाह सोडला असता घातलेल्या शक्तीपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते, आणि ती इतकी की कोणत्याही रासायनिक क्रियेने तिचा उलगडा होत नाही, सबब हे केंद्रकीय संमीलन होय, असा त्यांचा दावा होता. सूर्याच्या गाभ्यात जे घडते ते काचेच्या नळीत, म्हणून ‘शीत’ संमीलन! सायंकाळी चौकातल्या कट्ट्यावर तर, सांगलीत कोळशाऐवजी पाण्यावर गिरण्या चालणार, इथपर्यंत मजल गेली.

आमच्या महाराष्ट्रात या प्रकरणाची दखल ज्या तातडीने घेतली गेली तिचा उल्लेख आज कोणी फारसा करीत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक तेव्हा पी. के. अय्यंगार होते. जड पाणी, विद्युत-विच्छेदनाचे घट आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम मोजणारी कुशल माणसे असा तिन्हींचा संगम जगात थोड्याच ठिकाणी होता, त्यांत तुर्भे एक. तेथे बारा पथके कामाला लागली, आणि त्यांच्या कामाचे संकलन अय्यंगार व महादेव श्रीनिवासन यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका अहवालात केले. न्यूट्रॉनांचे झोत आणि ट्रिटियम मिळाल्याचे त्यांनी नोंदवले, आणि त्यातही ट्रिटियम न्यूट्रॉनांच्या सुमारे दहा कोटी पट निघाले, ही विलक्षण गोष्ट पुढे मांडली. विलक्षण अशासाठी की ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड पाण्यातल्या जड हायड्रोजनच्या, नेहमीच्या संमीलनात ही दोन फळे जवळजवळ समसमान पिकतात.

उष्णतेचा एवढा गाजावाजा चालू असता तुर्भ्याच्या मंडळींनी आपला भर न्यूट्रॉन आणि ट्रिटियम यांवर ठेवला, याची अनेकांनी त्या काळी चुटपुट व्यक्त केली. मला तो निर्णय अतिशय समंजस वाटतो. उष्णतेला गोत्र नसते. पाण्याचा पारा चढला तो केंद्रकामुळे, की गंजामुळे, की घर्षणामुळे, की खिडकीतून आलेल्या उन्हामुळे, हे तो पारा सांगत नाही. ट्रिटियमचा अणू मात्र आपली कुळकथा बरोबर घेऊन येतो, आणि त्याची गणती ज्या सूक्ष्मतेने होते तिच्यापुढे तापमापक म्हणजे अगदीच मठ्ठ. नेहमीच्या संमीलनातून एक वॉट उष्णता निघायची तर दर सेकंदाला जवळजवळ लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडले पाहिजेत. त्यांच्या माऱ्यात प्रयोगकर्ता घोषणा करायला उभा राहिला नसता. अर्थात ट्रिटियमलाही आधीपासूनच्या मिसळीचा संशय चिकटतो, आणि तो संशय इतर देशांतल्या परीक्षकांनी घेतलाही.

आता त्या मूळ उष्णतेकडे वळतो, कारण माझ्या कपाटातल्या नगाचा संबंध तिच्याशी आहे. घट न ढवळता एकाच जागचे तापमान वाचले हा आक्षेप कॅलिफोर्नियातल्या नेथन लुईस यांनी घेतला, आणि बुडबुडेच पाणी ढवळतात असे उत्तर त्याला मिळाले. तो वाद मी बाजूला ठेवतो. त्याहून मनोरंजक खुबी आहे ती पळून जाणाऱ्या वायूंची. घट उघडा असेल तर पाणी फुटून झालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवेत निघून जातात, आणि त्यांच्या पोटात दडलेली ऊर्जाही त्यांच्याबरोबर जाते. साध्या पाण्याच्या बाबतीत ती प्रत्येक अँपियरमागे १.४८ वॉट भरते, जड पाण्याच्या बाबतीत १.५४. हिशेब करणारा ती जमेतून आधीच वजा करतो आणि उरलेलीच उष्णता होणार अशी अपेक्षा धरतो. समजा, दोन व्होल्टचा दाब आणि ०.१ अँपियर प्रवाह आहे. घातले ०.२ वॉट, वायूंच्या नावे वजा ०.१४८, अपेक्षित उष्णता ०.०५२ वॉट. आता वायूंपैकी एकतृतीयांश भाग पळून न जाता घटातच धातूच्या पृष्ठावर पुन्हा एकत्र येऊन त्याचे पाणी झाले, तर ०.०४९ वॉट घटाच्या आतच परत पडतात, आणि वहीत दिसते काय, तर अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट उष्णता! इथे केंद्रक, पॅलेडियम, सूर्य यांपैकी कोणाचाही हात नाही. खर्ची टाकलेली रक्कम मागल्या दाराने घरी आली, इतकेच. १९९५ साली स्टीव्हन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, निकेल आणि पोटॅशियम कार्बोनेटचे जे घट अतिरिक्त उष्णतेबद्दल गाजत होते त्यांत दोन अग्रांच्या वायूंची गाठभेट होऊ दिली नाही, तेव्हा ती उष्णता नाहीशी झाली. याच जातीच्या घटांतून उष्णता आणि ट्रिटियम मिळाल्याचे श्रीनिवासन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९२ साली जपानातल्या नागोया येथे सांगितले होते. माझा त्यांच्याविषयीचा आदर यामुळे उणावत नाही. मागल्या दारावर पहारा ठेवणे हे उष्णता मोजण्याहून कितीतरी कठीण काम आहे, आणि या मनुष्याने सेवानिवृत्तीनंतरही हा प्रश्न सोडला नाही. २०१५ साली ‘करंट सायन्स’ने या विषयाला जो विशेष विभाग दिला त्याच्या संपादनात त्यांचा वाटा होता. गूगल कंपनीच्या पैशाने झालेल्या कसून तपासणीचा निष्कर्ष २०१९ साली ‘नेचर’मध्ये आला. शीत संमीलनाचा पुरावा काही सापडला नाही, मात्र या खटपटीत मोजमापाची साधने पुष्कळ सुधारली, असा त्याचा मथितार्थ. मला त्यात पराजयाचा सूर ऐकू आला नाही.

हल्ली येथल्या अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी माझ्याकडे येऊन बसतो. आष्ट्यासारख्या गावात आता अभियंते घडतात याचे मला अजून अप्रूप वाटते, पण ते असो. निकेलची पट्टी, प्लॅटिनमची तार, पोटॅशियम कार्बोनेट आणि घरातला थर्मास एवढ्यावर या मुलाने तोच निकेलचा घट मांडला, आणि अपेक्षित ०.०५२ वॉटऐवजी ०.०७३ वॉट उष्णता निघते असा तक्ता मोठ्या उमेदीने माझ्यापुढे ठेवला. मी त्याला विचारले, “अरे, एक वॉट दिवसभर चालला तर किती गुळाच्या जळण्याएवढा होतो, ठाऊक आहे?” त्याने आकडेमोड करून सांगितले, “पाच ग्रॅम, सर.” “आणि तुझे हे जास्तीचे एकवीस मिलिवॉट?” तो हसला, एका दिवसाला गुळाचा कणच तो. म्हणून मी त्याला वायू गोळा करायला लावले. पाण्याने भरलेली मापनळी घटाच्या तोंडावर पालथी घालायची, आणि तासाभरात किती वायू साठतो ते पाहायचे, ०.१ अँपियरला तो सुमारे ६९ घनसेंटीमीटर भरला पाहिजे. भरला ६० च्या आसपास. नऊ घनसेंटीमीटरांची ही तूट म्हणजे मागल्या दाराने परत आलेले एकोणीस मिलिवॉट, आणि त्याच्या एकवीसपैकी उरले दोन.

“मग ते दोन?” त्याने विचारले. मी म्हणालो, “ते लिही, आणि शेजारी तुझ्या तापमापकाचीच चूक किती मिलिवॉटांची आहे तेही लिही.” त्याने लिहिले. परंतु हे पोर माझ्याहून चिवट निघाले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “सर, वायू कमी भरला तो परत पाणी झाला म्हणूनच, हे कशावरून? थोडा नळीतल्या पाण्यात विरघळला असेल, थोडा बुचाच्या कडेने निसटला असेल. तसे असेल तर ते एकोणीस मिलिवॉट पुन्हा जास्तीचेच होतात.” त्याचे म्हणणे बिनतोड होते. सांगितलेल्या कारणाचीसुद्धा रुजुवात घ्यावी लागते, आणि ती या वेळी मी न सांगता त्याने मागितली होती. तेव्हा घट सध्या बाजूला ठेवला आहे. नळीतले पाणी आधी त्याच वायूंनी तृप्त करून घेतले आहे, बुचाला मेण लावले आहे, आणि मोजून भरलेला वायू नुसता रात्रभर ठेवला तर त्यातला सकाळी किती उरतो एवढेच आम्ही दोघे पाहत आहोत.